कोपरखैरण्यात पीजीला राहते, हिमोग्लोबिन ९.२ आलंय आणि रात्री तीनशिवाय झोप येत नाही. काय बदलू?

पाटणची_पोर (रात्री १:५०)

नमस्कार. मी एसई कॉम्प्युटरला, म्हणजे इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव पाटण, कॉलेज नेरूळला, राहायला कोपरखैरण्यात पीजी, एका खोलीत चौघी. सविस्तर लिहिते, कारण घरी हे सांगितलं तर आई उद्याच्या पहिल्या एसटीने इथे हजर होईल आणि बाबांच्या दुकानाचं सगळं अडेल.

मंगळवारी सकाळी ठाण्याहून येणाऱ्या गाडीत तुर्भे सुटल्यावर डोळ्यांपुढे काळं झालं. लेडीज डब्यात उभी होते, वरची कडी धरलेली. हात कधी सुटला ते कळलंच नाही. शुद्धीवर आले तेव्हा एक मावशी माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पर्समधून राजगिऱ्याची वडी काढून हातावर ठेवली, म्हणाल्या, "आधी ही खा, मग बोल." त्यांना पुढे जायचं होतं, तरी माझ्यासाठी जुईनगरला उतरल्या आणि बाकावर बसून राहिल्या. मी त्यांचं नावही विचारलं नाही, त्याचं अजून वाईट वाटतंय.

संध्याकाळी डॉक्टरांकडे गेले. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.२. लोहाच्या गोळ्या दिल्या आणि "जेवण नीट कर, झोप घे" म्हणाले. बाहेर रांग होती, त्यामुळे नीट म्हणजे कसं ते विचारायचं राहून गेलं. तेच इथे विचारते.

माझा दिवस असा असतो. सात वाजून दहा मिनिटांनी उठते. मेसचा नाश्ता साडेआठला आणि मी पावणेआठला बाहेर, म्हणून फक्त चहा. अकराला कटिंग आणि वडापाव. दुपारी जर्नलवर सह्या घ्यायच्या रांगेत असले तर जेवण राहतं, नाहीतर कॅन्टीनचा शेजवान राईस. साडेपाचला परत, चहा-खारी, आणि मग इतकी गळून जाते की सहा ते आठ झोपते. नऊला मेसचं जेवण, बहुतेक वेळा बटाट्याचा रस्सा आणि दोन पोळ्या. अकराला कॉफी करून अभ्यासाला बसते. मॅथ्सची केटी आहे, म्हणजे राहिलेला पेपर पुन्हा द्यायचाय, शिवाय सबमिशन. तीन वाजतात. दोनला पुस्तक मिटलं तरी झोप तीनशिवाय येत नाही.

घर माळकरी आहे, त्यामुळे अंडं खात नाही आणि खायचंही नाही. खोलीत शेगडी चालत नाही, इलेक्ट्रिक किटली चालते. मेस आणि भाडं जाऊन महिन्याला हातात आठेकशे रुपये उरतात.

आणि एक. परवा आंघोळीला गेले आणि नळ सोडून खूप रडले. कारण काहीच नव्हतं.

कळवेकर (सकाळी ७:२२)

संध्याकाळची सहा ते आठची झोप बंद कर. मी टीईला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला मेकॅनिकल आहे, गेल्या वर्षी माझंही हेच चालू होतं. घरी आलो की आडवा, मग रात्री दोनपर्यंत टक्क जागा, सकाळी लेक्चरला डुलक्या. मग मी ठाण्यात उतरलो की घरी जायच्या आधी मासुंदा तलावाला एक चक्कर मारायला लागलो. पाठीला बॅग तशीच. पहिले चार दिवस साडेसातला डोळे मिटायचे, आई म्हणायची झोप की थोडा. पाचव्या दिवशी अकराला आपोआप झोप लागली.

सबमिशनच्या आठवड्यात मात्र जागावं लागतंच, ते कुणी टाळू शकत नाही. तेवढे दिवस सोडून दे.

रात्रपाळी (दुपारी ३:१०)

अगं, मी ठाण्यात एका रुग्णालयात सिस्टर आहे, नऊ वर्षं. त्यातली निम्मी रात्रपाळीत गेली. आधी गोळीबद्दल सांगते, कारण तुझ्या वेळापत्रकात मला पहिली काळजी तिची वाटली.

ती गोळी तू सकाळच्या चहाबरोबर घेत असशील, हो ना? मग ती बरीचशी वाया जाते. चहा-कॉफीतलं टॅनिन पोटात लोहाला धरून ठेवतं आणि ते रक्तात उतरत नाही. गोळीच्या आणि जेवणाच्याही आधी-नंतर किमान एक तास चहा नको. दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबरही घेऊ नको. लिंबूपाण्याबरोबर घे, आंबटातल्या क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. शौचाला काळं होईल, घाबरू नको. पोटात मळमळलं तर डॉक्टरांना सांगून जेवणानंतर घे, पण परस्पर बंद करू नको. आकडा १२ वर गेला म्हणून लगेच सोडायचीही नाही. रक्त सुधारल्यावर शरीरातला साठा भरायला आणखी काही महिने लागतात, कधी थांबायचं ते डॉक्टर सांगतील.

बाईमाणसाचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. तुझं ९.२ हे मध्यम प्रकारात येतं. ते खाली का गेलं हे शोधायलाच हवं, म्हणून परत जा आणि दोन गोष्टी स्वतःहून सांग. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, आणि तू अंडं-मांस खात नाहीस. बी-१२ धान्यात, भाजीत मिळत नाही, शाकाहारात ते दूध-दह्यातूनच यायचं. तुझ्या अख्ख्या दिवसात चहातलं सोडून दूध कुठेच दिसलं नाही. बी-१२ तपासायचं का, असं त्यांना विचार. आणि गाडीत चक्कर आली ती उपाशीपोटी. पुन्हा आली तर वाट बघत बसू नको.

आता झोप. कळवेकर म्हणाला ते खरं. दिवसभर जागं राहिल्याने झोपेचं ओझं साचत जातं, तेच रात्री आपल्याला झोपवतं. तू ते सहा ते आठमध्ये उतरवून टाकतेस आणि वर अकराला कॉफी. कॉफीतलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे पहाटे चारला अर्ध्या कपाएवढं तुझ्या अंगात असतंच. दुपारी तीननंतर कॉफी नाही. फारच गळून गेलीस तर गजर लावून वीस मिनिटं, तेही चारच्या आत.

झोपायची वेळ धरायला जाऊ नको, ती हातात राहत नाही. उठायची धर. सहा म्हणजे सहा, रविवारीसुद्धा. उठल्या उठल्या दहा मिनिटं उजेडात ये, गच्चीवर नाहीतर निसर्ग उद्यानात. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की शरीराचं घड्याळ तिथून मोजायला लागतं. मग पुस्तक मिटायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास अलीकडे आण. तुझ्या वयाला सात ते नऊ तास लागतात. खोलीत दिवा चालू असेल तर सुती ओढणीची घडी डोळ्यांवर घे.

सबमिशनच्या आठवड्याबद्दल मला कळवेकरसारखं सोडून देता येत नाही. मी पहिल्या वर्षी रात्रपाळीला होते तेव्हा दिवसाही नीट झोपायचे नाही. एकदा पहाटे साडेचारला मी सहा नंबरच्या पेशंटची नोंद नऊ नंबरच्या कागदावर लिहिली. अक्षर सुंदर होतं, वेळ बरोबर होती, फक्त माणूस चुकीचा. वरिष्ठ सिस्टरांनी औषध द्यायच्या आधी पाहिलं म्हणून निभावलं. मला वाटत होतं मी पूर्ण जागी आहे. गणित रात्री अडीचला समजल्यासारखं वाटतं ते तसंच असतं. वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत, त्यामुळे केटीचा पेपर काढायचा असेल तर झोप अभ्यासातच धर.

रडण्याबद्दल. रक्त कमी आणि झोप कमी, दोन्हींनी मन हळवं होतं, पण म्हणून ते बाजूला ठेवू नको. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक, सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. खोलीत बोलता येत नसेल तर गच्चीवरून कर. आणि आईला सांग. येऊ दे तिला एसटीने.

डबेवाली_काकू (संध्याकाळी ५:४०)

मी घणसोलीत डबे देते, अठरा वर्षं झाली. तुझी मेस कुठली ते विचारत नाही. पण बाळ, तू तिथे तोंड उघडून सांगितलंस का? मेसमध्ये पोळ्यांचं पीठ पहाटेच मळलेलं असतं. "मला नाश्ता नको, सव्वासातला दोन पोळ्या आणि कोरडी भाजी डब्यात द्या" एवढं म्हणालीस तर बहुतेक ठिकाणी देतील. माझ्याकडे सहा मुली तसा नेतात. पोरी विचारतच नाहीत, आणि आम्हाला वाटतं त्यांना सकाळी भूक नसते.

आता किटलीवर काय. सातूचं पीठ आण, तीन टाकीच्या बाजारात मिळेल. ते भाजलेलंच असतं, शिजवावं लागत नाही. चार चमचे पीठ, गूळ, वर कोमट दूध. उठल्यावर पाच मिनिटांत पोटात जातं.

मटकी. एक वाटी सकाळी भिजत घाल, रात्री पाणी काढून ओल्या फडक्यात बांध. सकाळी मोड. कच्ची खाऊ नको, पोट बिघडतं. स्टीलच्या डब्यात घालून किटलीतलं उकळतं पाणी ओत, झाकण लावून दहा मिनिटं ठेव, पाणी काढ, मीठ, भरपूर लिंबू, चिरलेला टोमॅटो. सिस्टरताईंनी आंबटाचं सांगितलं ते इथेही लागू. वडापावाच्या जागी हे अकराला खा. बॅगेत भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे कायम ठेव. आठशेतले तीनशे यात गेले तरी वडापावचे वाचतील.

आई आली तर तिला अळिवाचे लाडू करून आणायला सांग. ओल्या नारळाचे चार-पाच दिवसांतच संपवायचे, इथल्या दमट हवेत टिकत नाहीत. बाळंतिणीला देतात ते उगाच नाही, अळिवात लोह भरपूर. रोज एक पुरे.

पाटणची_पोर (रात्री १०:१५, सोळा दिवसांनी)

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

ताई, गोळी मी खरंच चहाबरोबरच घेत होते. आता झोपायच्या आधी लिंबूपाण्याबरोबर घेते. डॉक्टरांकडे परत गेले, पाळीचं सांगायला लाज वाटत होती, पण सांगितलं. बी-१२ कमी निघालं, त्याची वेगळी औषधं चालू झालीत. हिमोग्लोबिन महिन्याने बघायचं आहे.

दादा, नेरूळहून येऊन आडवी होणं सोडायला सर्वांत त्रास झाला. तिसऱ्या दिवशी उद्यानाच्या बाकावर बसल्या बसल्याच डोळा लागला. पण आता साडेअकराला झोप येते. सहाला उठणं रोज जमत नाही, दोनदा पावणेसात झाले.

काकू, मी मेसच्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "एवढंच ना? वर्षभर का नाही बोललीस?" आता सव्वासातला डबा तयार असतो. काल त्यात मेथी होती. गाडीत उभ्या उभ्या नको म्हणून मी कोपरखैरण्याच्या फलाटावर बसून अर्धी पोळी खाते, उरलेलं कॉलेजला. डबा उघडल्यावर पोळीची वाफ चष्म्यावर येते. चक्कर त्यानंतर आली नाही.

सबमिशनच्या आठवड्यात दोन रात्री दीड वाजला, पण तीन नाही. दुपारी लायब्ररीत वीस मिनिटं डोकं टेकलं.

आईला शनिवारी सांगितलं. ती काहीच बोलली नाही बराच वेळ, मग म्हणाली, "अळीव आहेत घरात." रविवारी आली. लाडवांचा डबा मैत्रिणींनी दोन दिवसांत अर्धा केला. १४४१६ ला अजून फोन केलेला नाही. नंबर कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. आईजवळ रडून घेतलं, सध्या बरं आहे.

एक अडतंय. मटकीला मोड येतात, पण तिसऱ्यांदा आंबूस वास आला आणि फेकावी लागली. कुठे चुकतंय?

डबेवाली_काकू (रात्री १०:४८)

पाणी राहतंय. भिजल्यावर चाळणीत अर्धा तास निथळू दे, फडकं घट्ट पिळून घे आणि गाठोडं डब्यात बंद करू नको, खिडकीच्या दांडीला टांग. आणि या उकाड्यात बारा तास भिजवायची नाही, सात-आठ पुरेत. रात्री झोपताना घालशील तर सकाळी सहाला उठलीस की बांधता येईल.