मदत हवी आहे: आईला घेऊन पेस्लीत एक दिवस

मंडळी, जुलैच्या सुरुवातीला आई माझ्याकडे ग्लासगोला येतेय. एडिंबराचा किल्ला वगैरे होईलच, पण तिनं फोनवर आधीच बजावलंय, "मला ते कोयरीचं गाव दाखव." आपल्या कोयरीला जगभर 'पेस्ली' म्हणतात हे कळल्यापासून ती जरा चिडूनच आहे. काश्मिरी शालींची नक्कल करत ग्लासगोजवळच्या या पेस्ली गावातल्या विणकरांनी एकोणिसाव्या शतकात इतका माल काढला की नक्षीला गावाचंच नाव पडलं, हे सांगून पाहिलं. "म्हणजे चोरीच की!" एवढंच म्हणाली.

शालींची फॅशन १८७० नंतर ओसरली, पण दोऱ्याच्या गिरण्या चालत राहिल्या. आईच्या भरतकामाच्या डब्यात जी अँकरची लड असते ना, ते नाव इथल्या क्लार्क मंडळींच्या अँकर मिलचं. हे मात्र तिला सांगितलेलं नाही, गिरणीच्या इमारतीसमोर उभं करून सांगणार आहे. तिथं आतून काही बघता येतं का, की नुसती बाहेरूनच?

खरा पेच शनिवारचा आहे. जुलैच्या पहिल्या शनिवारी तिथे 'स्मा शॉट डे' असतो. स्मा शॉट म्हणजे शालीची वीण धरून ठेवणारा बारीक आडवा धागा. शालीत तो दिसत नाही, म्हणून मालक त्याचे पैसे देत नसत, आणि तो घ्यायचा मात्र विणकरानं पदरचे पैसे घालून. १८५६ मध्ये विणकरांनी ते पैसे मिळवलेच. अजूनही ढोल वाजवत मिरवणूक निघते आणि मालकाचा पुतळा जाळतात. आईला हे भयंकर आवडेल, पण तिचे गुडघे दुखतात. गर्दीत बसायला जागा मिळते का? की साध्या दिवशी जाऊन स्मा शॉट कॉटेजेसमधलं विणकराचं घर निवांत बघावं? तिथे माग चालवून दाखवतात का? आणि २०१८ मध्ये नूतनीकरणासाठी बंद झालेलं संग्रहालय उघडलं का? जुन्या शाली तिथेच आहेत.

मठ बघणारच आहोत. ११६३ चा आहे, तिसऱ्या रॉबर्ट राजाची कबर आहे, पण आमच्या नऊ वर्षांच्या चिरंजीवांना फक्त छताजवळचा तो परग्रहवासीयासारखा दगडी पन्हाळमुखी राक्षस बघायचाय. तो नेमका कुठल्या बाजूनं दिसतो?

ग्लासगो सेंट्रलहून ट्रेननं येणार आहोत. गिलमोर स्ट्रीट स्टेशनवर लिफ्ट आहे ना?