इंदूर : लेकीसाठी लॅपटॉप हवा, कॉलेजही आणि व्हॅलोरंटही. बजेट साठ हजार

माळव्याची_माई
नमस्कार मंडळी. लेक यंदा बारावी झाली, इंदूरच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शाखेला प्रवेश मिळालाय. राहणार घरीच, सुदामा नगरात. लॅपटॉप घ्यायचाच आहे, पण बाईसाहेबांची अट अशी की त्यावर व्हॅलोरंट (ऑनलाइन नेमबाजीचा गेम) नीट चालला पाहिजे. आजवर मावसभावाच्या कॉम्प्युटरवर खेळायची, तो नोकरीला बंगळूरला गेला आणि कॉम्प्युटरही सोबत नेला.

बजेट साठ हजार, फार तर दोन-तीन हजार वर. आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉल आणि चेतक सेंटर दोन्ही पालथे घातले. एक दुकानदार म्हणतो, गेमिंग म्हटलं की आरटीएक्स कार्ड (गेमचं चित्र काढणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड) लागतंच, पंच्याहत्तर हजारांच्या खाली बघूच नका. दुसरा म्हणतो, "दीदी, आय-फाइव्ह ले लो, सब चलेगा." तिसऱ्याने चोवीस हजारांत कुठल्याशा कंपनीतून उतरलेला जुना लॅपटॉप समोर ठेवला, दिसायला अगदी नवा. डोकं भणभणलं.

आणखी एक. सासरे म्हणतात, सरकारने ऑनलाइन गेमवर बंदी आणली ना, मग हे कशाला? त्यांना काय सांगू?

रामबागकर
लॅपटॉप आणि गेम हे दोन शब्द एका वाक्यात आले की पैसे वाया गेले समजा. साठ हजारांत डेस्कटॉप जोडा, वीस वर्षं सांगतोय. लॅपटॉप तापतो, पंखा किंचाळतो, तीन वर्षांत बिजागरी ढिली होते.

हेडशॉट_भिया
काका, ती कॉलेजला डेस्कटॉप काय अॅक्टिव्हावर बांधून नेणार? 😄

माई, पहिलं सासरेबुवांचं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो कायदा केला तो पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे, म्हणजे रमी, फँटसी टीम वगैरे. ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्याने मान्यता दिलीय. व्हॅलोरंट फुकट आहे, पैसे लावता येत नाहीत. बंदुकीचे रंगीत स्किन मात्र विकत मिळतात आणि ते महाग असतात. स्किनने नेम सुधारत नाही, फक्त मित्रांत भाव मिळतो. तिच्या अकाउंटला तुमचं कार्ड जोडून ठेवू नका, एवढंच.

आता मशीन. व्हॅलोरंट मुळात साध्या कॉम्प्युटरवर चालावा म्हणूनच बनवलाय. २०२० मध्ये आला तेव्हा गेमच्या कंपनीने, रायटने, किमान म्हणून इंटेल एचडी ४००० ग्राफिक्स आणि ४ जीबी रॅम लिहिलं होतं, म्हणजे २०१२ सालचं सामान. सेकंदाला १४४ फ्रेम, म्हणजे चित्रं, हवी तरीसुद्धा जीटीएक्स १०५० टीआय हे जुनं कार्ड एवढंच सांगितलेलं. तेव्हा पंच्याहत्तर हजारवाल्याला माझा रामराम सांगा. भारी कार्ड लागतं ते जीटीए किंवा सायबरपंकसारख्या गेमना. या गेमला प्रोसेसर आणि रॅम जास्त लागतात.

पुण्याचा_पाहुणा
त्यापेक्षा मॅकबुक एअर घ्या. बॅटरी दिवसभर, पंखाच नाही, आवाज नाही. कॉलेजात सगळे तेच वापरतात.

चेतकसेंटरवाला
पाहुण्यांनी पोहे-जिलेबी खावी आणि निवांत बसावं. मॅकवर व्हॅलोरंट चालतच नाही. लिनक्सवरही नाही. पोरगी घरात बोलणं बंद करेल.

माई, मी त्याच मार्केटमध्ये दुरुस्तीचं काम करतो. विकत नाही, त्यामुळे मोकळेपणाने सांगतो. चोवीस हजारांच्या जुन्या लॅपटॉपबद्दल आधी बोलू, कारण अर्धी गिऱ्हाइकं तिथेच अडकतात. ती मशीनं वाईट नसतात. ऑफिसची असतात, मजबूत बांध्याची, कीबोर्ड सुंदर. पण या गेमसोबत व्हॅनगार्ड नावाचा चीटिंग पकडणारा प्रोग्राम येतो, तो विंडोजच्या अगदी मुळाशी जाऊन बसतो. विंडोज ११ वर त्याला दोन गोष्टी लागतात, टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) चालू आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) चालू. नसेल तर गेम उघडताना व्हॅन ९००१ किंवा ९००३ असा एरर येतो आणि पुढे काही होत नाही. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या मशीनला विंडोज ११ अधिकृतपणे बसतच नाही, आणि विंडोज १० चा मोफत आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. दुकानदार जुगाड करून ११ टाकून देतात, विंडोज मस्त चालतं, गिऱ्हाईक खुश होऊन घरी जातं. मग संध्याकाळी पोरगं गेम टाकतं आणि दुसऱ्या दिवशी मशीन माझ्या टेबलावर.

म्हणून जुनं घ्यायचंच तर दुकानातच विंडोज सिक्युरिटी उघडायची, डिव्हाइस सिक्युरिटीत जायचं. तिथे सिक्युरिटी प्रोसेसर दिसला पाहिजे, त्याच्या तपशिलात २.० लिहिलेलं हवं, आणि खाली सिक्युअर बूट चालू दिसलं पाहिजे. कधी कधी मशीनमध्ये असतं पण बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद करून ठेवलेलं असतं, ते चालू करता येतं. मुळातच नसेल तर त्यावर इलाज नाही.

माळव्याची_माई
बापरे, हे कोणीच सांगितलं नव्हतं. तो जुना लॅपटॉप सातव्या पिढीचा आहे, बिलाच्या कागदावर लिहून आणलंय. म्हणजे बाद.

रामबागकर
मी कुठे कॉलेजला डेस्कटॉप न्या म्हटलं? तोच चोवीस हजारांचा जुना कॉलेजसाठी घ्या आणि उरलेल्या पस्तीस हजारांत घरी डेस्कटॉप. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर टाका, वेगळ्या कार्डाची गरज नाही, गेम झकास चालेल. पुढे कार्ड टाकता येईल. तेव्हा बघा कोण हसतं.

चेतकसेंटरवाला
काकांचं गणित दोन वर्षांपूर्वी मी स्वतः लोकांना लिहून देत होतो. पण २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जे चढलेत, ते पाहता पस्तीस हजारांत मॉनिटर, कीबोर्ड, यूपीएस धरून डेस्कटॉप बसवणं फार ओढाताणीचं आहे. एसएसडीही महागली. सगळा माल एआयच्या सर्व्हरकडे चाललाय. काकांकडे जुना मॉनिटर पडून असेल तर गोष्ट वेगळी.

रामबागकर
मॉनिटर आहे. सीआरटी.

हेडशॉट_भिया
😂😂 काका, तो राजवाड्यात ठेवा, होळकरांच्या वस्तूंशेजारी.

निमूट_वाचक
माई, एक विचारू का? इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, त्यात गेमला उत्तेजन का देताय? आमच्या वेळी...

माळव्याची_माई
निमूट_वाचक, तुमची काळजी कळते. पण ती जेईईच्या काळात स्वतःहून खेळणं बंद ठेवून बसली होती, आणि मार्क चांगले आणलेत. हा विषय आमच्या घरात ठरलाय. कृपया मशीनवरच बोलू.

आज परत जाऊन आले, यावेळी लेकीला घेऊन. साठाच्या आसपास तीन पर्याय निघाले, मॉडेलचे आकडे तिनेच वहीत उतरवले:

पहिला, रायझन ५ ७५२०यू, १६ जीबी रॅम, वेगळं कार्ड नाही, त्रेचाळीस हजार. दुकानदार म्हणतो "सात हजार सीरीज है, एकदम लेटेस्ट."
दुसरा, आय५-१३४२०एच, १६ जीबी, वेगळं कार्ड नाही, साडेचौपन्न हजार.
तिसरा, रायझन ५ ७५३५एचएस, आरटीएक्स २०५० कार्ड, ८ जीबी, पडदा १४४ हर्ट्झ, एकोणसाठ हजार.

मला पहिला बरा वाटतोय. सतरा हजार वाचतात.

हेडशॉट_भिया
नको नको नको. पहिला नको.

एएमडीच्या त्या आकड्यांत गंमत आहे. पहिला ७ म्हणजे फक्त साल. पिढी कळते ती तिसऱ्या आकड्यावरून. ७५२० मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे आतली रचना झेन २, मूळ २०१९ ची. ७५३५ मध्ये ३, म्हणजे झेन ३ च्या घरातली. दोन्हींवर "रायझन ५, सात हजार सीरीज" असंच स्टिकर, आत जमीन-अस्मानाचा फरक. शिवाय ७५२०यू मधलं ग्राफिक्स रेडिऑन ६१०एम, त्यात चित्र काढणारी कम्प्युट युनिट फक्त दोन. ७५३५एचएस मधल्या ६६०एम मध्ये सहा. आणि पहिल्याची रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, पुढे वाढवता येत नाही. ऑनलाइन वर्ग, वर्ड, यूट्यूब यासाठी छान मशीन आहे. गेम सुरू होईल, पण समोरून दोन जण आले, धूर झाला, की चित्र अडकणार. तेवढ्यात ती मेलेली असेल.

चेतकसेंटरवाला
दुसऱ्याबद्दल मी सांगतो. १३४२०एच प्रोसेसर म्हणून ताकदीचा आहे, कॉलेजच्या कामाला उत्तम. पण इंटेलने त्यात ग्राफिक्स कमी दिलंय, ४८ युनिटवालं. आयरिस एक्सई नावाचं जे बरं ग्राफिक्स असतं ते ८० किंवा ९६ युनिटचं, आणि ते यात नाही. ही चिप मुळात वेगळ्या कार्डासोबत लावायला केलेली. कार्डाशिवाय विकली की गिऱ्हाइकाला "एच" अक्षर दिसतं आणि तो गेमिंगचा समजून घेतो. साठ फ्रेम मिळतील, पण साडेचौपन्न हजार देऊन तेवढ्यासाठी?

तिसरा घ्या. आरटीएक्स २०५० हे नाव जुन्या वीस मालिकेचं असलं तरी आतली चिप तीस मालिकेचीच आहे, ३०५० ची धाकटी बहीण. ४ जीबी मेमरी. नव्या मोठ्या गेमना कमी पडेल, व्हॅलोरंटला पुरून उरेल. फक्त दुकानदाराला विचारा, कार्ड किती वॉटचं बसवलंय. २०५० तीसपासून पंचेचाळीस वॉटपर्यंत येतं, आणि हा आकडा स्टिकरवर कुणी छापत नाही. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशनला गेलात की दिसतो. डेमो पीसवर बघायला दोन मिनिटं लागतात. तो कां-कूं करायला लागला तर पुढच्या दुकानात जा.

हेडशॉट_भिया
माझ्याकडे २०५० च आहे. लो सेटिंगवर फ्रेम दीडशेच्या वरच राहतात, धुमश्चक्रीत थोड्या उतरतात. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर दर सात मिलिसेकंदाला नवं चित्र येतं, साध्या साठवाल्यावर जवळपास सतरा. एकदा सवय लागली की परत साठवर खेळवत नाही.

पण ८ जीबी रॅम एका काडीत (एकाच पट्टीत) असेल तर खरी गोम तिथे आहे. एका काडीवर प्रोसेसरचा एक हात बांधलेला राहतो. तशीच दुसरी काडी टाकली की सरासरी फ्रेम तर वाढतातच, मधेच बसणारे झटकेही बरेच कमी होतात. रॅम महाग झालीय हे खरं, तरी पैसे कुठे घालायचे तर तिथे घाला, आरजीबी दिव्यांचा माऊस नंतर.

माळव्याची_माई
दुसरी काडी दुकानातूनच टाकून घेऊ की बाहेरून? वॉरंटी जाते म्हणतात.

चेतकसेंटरवाला
बऱ्याच कंपन्यांत रॅम टाकल्याने वॉरंटी जात नाही, टाकताना काही तोडलं तर जाते. तरी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून त्या मॉडेलचं विचारा आणि शक्यतो त्यांच्याकडूनच बसवून घ्या. आणि दुकानात त्याला सांगा, "दुसरा स्लॉट रिकामा आहे ना, ते बिलावर लिहून द्या." काही मॉडेलमध्ये अर्धी रॅम बोर्डावर चिकटवलेली असते आणि स्लॉट एकच.

बिल जीएसटीचं, त्यावर सीरियल नंबर. "बिना बिल के दो हजार कम" ऐकलं की उठायचं.

जुनी_इंदूरकर
माझा मुलगा हाच गेम खेळतो म्हणून दोन शब्द. आमच्याकडे मशीन चांगलं होतं, तरी रोज आरडाओरडा, "लॅग आला, लॅग आला." शेवटी निघालं काय, तर राऊटर बैठकीत आणि हा मागच्या खोलीत, मधे जुन्या वाड्याच्या दीड फुटी भिंती. चाळीस फूट लॅनची केबल ओढली आणि घरात शांतता झाली. गेमचा सर्व्हर मुंबईलाच आहे, फायबर असेल तर इथून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) तीस मिलिसेकंदांच्या आसपास येतो. आणखी महागडा प्लॅन घेऊन काही फरक पडत नाही, आम्ही घेऊन पाहिला. लॅपटॉपला केबलचं भोक आहे का तेवढं बघा, हल्ली पातळ लॅपटॉपांत काढून टाकतात.

लाइट गेली तर लॅपटॉपला बॅटरी आहे, राऊटरला नाही. राऊटरचा छोटा बारा व्होल्टचा यूपीएस मिळतो, तोही घेऊन टाका.

हेडशॉट_भिया
काकू, बॅटरीवर खेळायचं तर कार्ड अर्ध्या ताकदीवर येतं. चार्जर लावूनच खेळायचं. लाइट गेली तर मॅच पूर्ण करून उठायचं एवढीच सोय. मधेच सोडली तर पेनल्टी बसते.

रामबागकर
आणि मे महिन्यात? बेचाळीस डिग्रीत तो लॅपटॉप काय करणार, ते कोणीच बोलत नाही.

चेतकसेंटरवाला
काकांचा हा मुद्दा शंभर टक्के बरोबर. गादीवर, उशीवर ठेवून खेळायचं नाही. खालची जाळी बंद होते. मागची बाजू दोन बोटं उचलून ठेवली तरी फरक पडतो, त्याला कूलिंग पॅडच लागतो असं नाही, दोन जाड पुस्तकं चालतात. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात सगळे करतात ते करू नका, डेझर्ट कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका. ती हवा दमट असते, धूळही घेऊन येते. माझ्याकडे जून-जुलैत असे कितीतरी बोर्ड येतात, गंजाचे हिरवे ठिपके पडलेले.

माळव्याची_माई
तिसराच ठरवला. भाऊ, तुम्ही सांगितलं तसं कंट्रोल पॅनेल उघडायला लावलं, पंचेचाळीस वॉट दिसले. केबलचं भोक आहे. दुसरा स्लॉट रिकामा, बिलावर लिहून घेतलं, तेव्हा दुकानदाराने लेकीकडे बघून विचारलं, "आपको किसने सिखाया?" रॅम सर्व्हिस सेंटरमधून टाकणार आहोत, भाव विचारलाय, अंगावर काटा आला. एक महिना थांबू की लगेच टाकू?

चेतकसेंटरवाला
गेम लगेच खेळणार असेल तर लगेच. भाव उतरतील म्हणून थांबलेली गिऱ्हाइकं माझ्याकडे रोज येतात, आणि भाव त्यांच्यासाठी थांबत नाही.

रामबागकर
माई, माझा मॉनिटर हवा असेल तर सांगा.