चर्चा: देव न मानणाऱ्याच्या नीतीवर भरवसा ठेवावा का?

कृष्णाकाठ
"त्याला पापपुण्याची भीती नाही, त्याचा काय भरवसा?" लग्नाची बोलणी चालू असताना मुलगा नास्तिक निघाला की हे हमखास कानावर येतं. मला हा उघड अन्याय वाटतो. आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' काढला आणि परलोकाचा आधार न घेता, बुद्धीला पटेल तेच लिहिलं. पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. दम्याने बेजार असताना, मोठ्या पगाराची वाट सोडून ते शिकवत राहिले आणि १८९५ मध्ये, चाळिशीही न गाठता गेले. स्वर्गाची आशा नसलेल्या माणसाने हे सगळं कशासाठी सोसलं? चांगलं वागायला श्रद्धा लागतेच असं नाही. स्वतंत्र देशात तर ती अट म्हणून कुणावर घालताच येणार नाही.

टाळकरी
अट घालू नये, हे मान्य. बाकीच्याशी सहमत नाही. आगरकर शतकात एखादा होतो, आणि नीती लागते ती तुमच्याआमच्यासारख्यांना. माझ्या चुलत्यांची दारू चुलतीच्या रडण्याने सुटली नाही, डॉक्टरांनी सांगून सुटली नाही. गळ्यात तुळशीची माळ पडली आणि सुटली. माळकऱ्याने बाटलीला हात लावायचा नाही, एवढंच त्यांना कळत होतं. बुद्धीला तर आधीही पटलेलं होतंच की! आणि १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसले ते साने गुरुजी. ते श्रद्धावानच होते.

कृष्णाकाठ
गुरुजी श्रद्धावान होते, खरंच. पण दार अडवून बसलेलेही विठ्ठलाचेच भक्त होते आणि त्यांच्याकडे रूढी-शास्त्राचे दाखले होते. देव एकच, मग कोण बरोबर हे तुम्ही कशावरून ठरवलंत? ज्याला बाहेर उभं केलं त्याच्याकडे बघूनच ना?

टाळकरी
त्याच्याकडे बघायला शिकवलं कुणी? चोखोबा, जनाबाई शेकडो वर्षं घरोघरी गायले गेले, म्हणून ती नजर आली. तुम्ही देव मानत नसाल, पण वाढलात त्याच अंगणात.

रानवाट
मी रोज देवापुढे दिवा लावते, तरी या बाबतीत कृष्णाकाठ यांच्या बाजूने आहे. वडील गेल्यावर भावाने हक्कसोडपत्र पुढे केलं. भाऊ एकादशी चुकवत नाही, कपाळी बुक्का असतो. निबंधक कार्यालयाच्या व्हरांड्यात हळूच म्हणाला, "सही कर, म्हणजे माहेर राहील." वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे, हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीपासून. मी सही केली नाही. त्या दिवाळीला भाऊबीज झाली नाही. माझ्याकडून बोललं कोण, तर वहिनी. ती देवाधर्माचं काही करत नाही. नवऱ्यासमोर म्हणाली, "उद्या आपल्या मुलीशी असं वागले तर चालेल का?" बस, एवढंच.

टाळकरी
ताई, तुमच्या भावाचं चुकलं. एकादशी करून बहिणीचा घास काढायचा, हा आमच्या लेखी अधर्मच. तुमच्या वहिनींना माझा नमस्कार सांगा. पण नुसत्या कायद्याने भागलं असतं तर २००५ नंतर एकाही बहिणीपुढे असा कागद आला नसता.

ऑरेंज सिटी
तुम्ही दोघेही बाबासाहेबांना विसरताय. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञा काढून वाचा. सुरुवातीलाच देव आणि अवतार नाकारलेत. पुढे चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही. म्हणजे टाळकरी, देवाशिवाय नीती होते, आणि लाखोंनी ती एकदम पत्करली. पण कृष्णाकाठ, त्यांनी लोकांना "ज्याने त्याने आपल्या बुद्धीने ठरवा" असं सांगून वाऱ्यावर सोडलं नाही. धम्म दिला. वंदनेला एकत्र बसणारी माणसं दिली. एकट्याचा निश्चय फार दिवस टिकत नाही, असं मला आमच्या वस्तीत दिसतं.

कृष्णाकाठ
हा मुद्दा मला लागला. चुलत्यांच्या माळेमागे दिंडी होती, चुकले तर विचारणारे होते. आम्हा नास्तिकांकडे असं विचारणारं कुणी नसतं, ही उणीव खरी आहे आणि ती आम्हीच भरून काढायला हवी. तरी घटनेच्या कलम २५ मध्ये सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आधी येतं, धर्म पाळण्याचं त्यानंतर. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट सांगितलं की 'मला कोणताही धर्म नाही' असं म्हणायचा नागरिकाला हक्क आहे. तो हक्क बजावणाऱ्याच्या चारित्र्यावर शंका घेणं थांबवा, एवढंच मागणं आहे.

टाळकरी
शंका घेणार नाही. पण माझ्या चुलत्यांची माळ ही अंधश्रद्धा, असंही म्हणू नका.

कृष्णाकाठ
नाही म्हणणार. रानवाट, जमिनीचं पुढे काय झालं?

रानवाट
वाटणीची मोजणी पुढच्या महिन्यात आहे. वहिनी येणार आहे, भावाचं अजून नक्की नाही.