जवळच्या लाल बटू ताऱ्यांभोवतीचे ग्रह : ‘राहण्यायोग्य’ हे नेमके कशावरून ठरते?

रातवा (मोर्शी तालुका)

नमस्कार मंडळी. माझी मुलगी आता आठवीत जाईल. जूनअखेर शाळा उघडल्यावर लावायच्या भित्तिपत्रकासाठी तिने सुट्टीत एक वाक्य लिहून ठेवले आहे : “सूर्यानंतर आपल्याला सर्वांत जवळ असलेल्या ताऱ्याभोवती माणसाला राहता येईल असा ग्रह सापडला आहे.” वाक्य वाचून मी अडखळलो. तो ग्रह अजून कोणी डोळ्यांनी पाहिलेला नाही, असे मी कोठेतरी वाचले होते. मग तेथे राहता येईल हे कोणी आणि कशावरून सांगितले? शिवाय अशा बातम्यांत दर वेळी लाल, अंधूक ताऱ्यांचीच नावे का येतात? पिवळ्या, आपल्या सूर्यासारख्या ताऱ्यांकडे कोणी पाहत नाही काय?

आणखी एक. शेतीची वीज सध्या रात्रीच येत असल्यामुळे संत्र्याच्या बागेच्या ओलितासाठी मी निम्मी रात्र वावरातच असतो. हा तारा आपल्या भागातून दिसतो का, हेही कृपया सांगावे.

भूगोलाच्या बाई

आपल्या मुलीच्या वाक्यातला ग्रह म्हणजे प्रॉक्सिमा बी. प्रॉक्सिमा सेंटॉरी हा लाल बटू, म्हणजे सूर्यापेक्षा बराच लहान, थंड आणि अंधूक तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. त्याच्याभोवतीच्या या ग्रहाची घोषणा ऑगस्ट २०१६ मध्ये गिलेम अँग्लादा-एस्कुदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. वाक्यातील ‘सर्वांत जवळ’ आणि ‘सापडला’ हे शब्द बरोबर आहेत. अडचण ‘माणसाला राहता येईल’ या तीन शब्दांत आहे.

शास्त्रज्ञ जेव्हा एखाद्या ग्रहाला जीवसृष्टियोग्य पट्ट्यातला म्हणतात, तेव्हा त्यांना एवढेच म्हणायचे असते की, तो ग्रह आपल्या ताऱ्यापासून अशा अंतरावर आहे की त्यावर योग्य हवा असेल तर पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात टिकू शकेल. या विधानात ‘हवा असेल तर’ ही अट आहे आणि बातमीच्या मथळ्यात नेमकी तीच गळते. होळी पेटली की आपल्याला दहा-बारा पावले मागे सरून उभे राहावे लागते. गोवरीच्या विस्तवाशी मात्र हात जवळजवळ टेकवले तरच ऊब लागते. प्रॉक्सिमा हा गोवरीचा विस्तव आहे. त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १२ टक्के आहे आणि तो सूर्याच्या जवळपास सहाशेव्या भागाइतकीच ऊर्जा बाहेर टाकतो. म्हणून त्याचा हा जीवसृष्टियोग्य, ऊबदार पट्टाही त्याला अगदी बिलगून आहे. पृथ्वी सूर्यापासून १५ कोटी किलोमीटरवर आहे, तर प्रॉक्सिमा बी आपल्या ताऱ्यापासून अवघ्या ७३ लाख किलोमीटरवर. तेथील वर्ष आपल्या ११.२ दिवसांचे होते. इतक्या जवळ असूनही त्याला मिळणारी ऊर्जा पृथ्वीला मिळणाऱ्या ऊर्जेच्या दोन-तृतीयांशाच्या आसपासच आहे.

हवेचे महत्त्व किती, ते पृथ्वीवरूनच पाहावे. सूर्यापासूनचे अंतर आणि परावर्तित होणारा प्रकाश एवढाच हिशेब केला, तर पृथ्वीचे सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास येते. प्रत्यक्षात ते १५ अंशांच्या जवळ आहे आणि मधला फरक वातावरणाचा आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेल्यावर हे कोणाला पटवून देणे कठीण, हा भाग वेगळा.

बंडीवाट

‘लाल ताऱ्यांचीच नावे का’ याचे उत्तर शोधण्याच्या पद्धतीत आहे, म्हणून ते थोडे सविस्तर लिहितो.

पहिली पद्धत वर्णपटाची, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत विभागून पाहण्याची. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो तेव्हा ताराही जागच्या जागी किंचित डुलतो. तो आपल्याकडे सरकला की त्याच्या वर्णपटातील रेषा निळ्या बाजूला आणि दूर सरकला की तांबड्या बाजूला हटतात. चिलीतील ला सिया येथील ३.६ मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर बसवलेल्या हार्प्स या उपकरणाने प्रॉक्सिमाचे हे डुलणे मोजले, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे १.४ मीटर भरला. तिफणीमागे चालणाऱ्या माणसाची चाल साधारण एवढीच असते. चार प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याची इतकी धीमी हालचाल मोजता आली याचे कारण तारा हलका आणि ग्रह जवळ, हेच आहे. पृथ्वीमुळे सूर्य जो डुलतो त्याचा वेग सेकंदाला जेमतेम ९ सेंटीमीटर आहे.

दुसरी पद्धत अधिक्रमणाची. ६ जून २०१२ च्या सकाळी वेल्डिंगच्या काचेतून शुक्राचा काळा ठिपका सूर्यबिंबावर सरकताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तसाच एखादा ग्रह दूरच्या ताऱ्यासमोरून गेला तर ठिपका दिसत नाही, पण ताऱ्याचा उजेड किंचित उतरतो. सूर्यासमोरून पृथ्वी गेली तर उजेड सुमारे बारा हजारांतील एका भागाने कमी होईल. उलट ट्रॅपिस्ट-१ हा लाल बटू तारा गुरूपेक्षा थोडासाच मोठा आहे. त्याच्यासमोरून पृथ्वीएवढा ग्रह गेला की उजेड सुमारे एकशे सत्तरांतील एका भागाने उतरतो. चावडीवरच्या मोठ्या दिव्यापुढून किडा गेला तर कोणाच्या ध्यानात येणार? घरातल्या चिमणीपुढून गेला तर भिंतीवरची सावलीच हलते.

म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्यांकडे कोणी पाहत नाही असे नाही. तेथे पृथ्वीसारखा ग्रह सापडणे आज फार अवघड आहे आणि त्याची एक फेरी पूर्ण व्हायलाच वर्ष लागते. शिवाय आकाशगंगेतील दर चार ताऱ्यांपैकी सुमारे तीन तारे लाल बटू आहेत.

या शोधात आपल्या देशाचाही हात आहे, तो सहसा सांगितला जात नाही. ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ भोवतीचे पहिले ग्रह मे २०१६ मध्ये बेल्जियममधील लीज विद्यापीठाच्या मिकाएल गियों यांच्या गटाने जाहीर केले. त्यात लडाखमधील हानले येथील २ मीटर व्यासाच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीची निरीक्षणेही वापरली होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये ग्रहांची संख्या सात झाली आणि ‘सात पृथ्व्या’ असे मथळे आले. सातांपैकी ऊबदार पट्ट्यात साधारणतः तीनच धरले जातात, हे मात्र आतल्या मजकुरात राहिले.

काळी कसदार

बाईंचे विवेचन मान्य करूनही मी एक हरकत नोंदवतो. विस्तवाचे उदाहरण ऐकून असे वाटते की जवळ बसले की काम झाले. परंतु हा विस्तव शांत नाही, तो तडतडतो. मार्च २०१६ मध्ये प्रॉक्सिमावर इतकी मोठी ज्वाला उसळली की एरवी दुर्बिणीशिवाय न दिसणारा तो तारा काही मिनिटे नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतका उजळला होता. अशा ज्वालांतील अतिनील आणि क्ष-किरण जवळच्या ग्रहाची हवा हळूहळू उडवून लावू शकतात. तारुण्यात हे तारे आजच्यापेक्षा बरेच तेजस्वी असतात. म्हणजे आज ऊबदार पट्ट्यात असलेला ग्रह आरंभीची कोट्यवधी वर्षे भाजून निघाला असण्याची शक्यता आहे.

दुसरे असे की, इतक्या जवळचा ग्रह बहुधा एकच बाजू ताऱ्याकडे ठेवून फिरतो. थ्रेशर आल्यापासून आपल्याकडे तिवडा, म्हणजे खळ्याच्या मधोमधचा खांब, दिसत नाही, पण ज्यांनी जुने खळे पाहिले असेल त्यांना आठवेल : तिवड्याभोवती फिरणाऱ्या बैलाची एकच कूस सदा तिवड्याकडे असते. अशा ग्रहावर एका बाजूला कायमचा दिवस आणि दुसऱ्या बाजूला कायमची रात्र असणार. दाट हवा असेल तर उष्णता वाहून नेली जाईल. नसेल तर रात्रीच्या बाजूला पाणी गोठून पडेल.

हवा तपासण्याचे काम आता अवकाशातील जेम्स वेब दुर्बीण करते आहे. ट्रॅपिस्ट-१ च्या सर्वांत आतल्या ग्रहाची ताऱ्याकडील बाजू सुमारे २३० अंश सेल्सिअस भरली. खडकावर हवा नसेल तर जे तापमान यावे, तेच हे. हा निकाल मार्च २०२३ चा. त्याच वर्षी दुसऱ्या ग्रहावरही कर्बवायूचे जाड आवरण नसल्याचे दिसून आले. हे दोन्ही ग्रह ऊबदार पट्ट्याच्या आत, म्हणजे जास्त तापलेल्या भागात आहेत, त्यामुळे बाहेरच्या ग्रहांचा निर्णय त्यांवरून लावता येत नाही.

प्रॉक्सिमा बी ची तर गोष्टच निराळी. तो ताऱ्यासमोरून जाताना आढळलेला नाही, म्हणून त्याचा व्यास मोजलेला नाही. वर्णपटातून त्याचे किमान वस्तुमान कळते, ते पृथ्वीपेक्षा थोडेसेच जास्त आहे. तो खडकाळ असावा, हा अंदाज आहे.

भूगोलाच्या बाई

हरकत रास्त आहे. मी ताऱ्याच्या स्वभावाविषयी लिहायला हवे होते. पण सर्व लाल बटू सारखेच तापट असतात असेही नाही. ११ प्रकाशवर्षांवरचा रॉस १२८ बराच शांत आहे आणि त्याच्याभोवतीही २०१७ मध्ये ९.९ दिवसांची फेरी घालणारा ग्रह सापडला आहे.

बंडीवाट

ताऱ्याच्या स्वभावामुळे ग्रहच खोटा ठरल्याचेही उदाहरण आहे. ६ प्रकाशवर्षांवरच्या बर्नार्डच्या ताऱ्याभोवती २३३ दिवसांत फिरणारा ग्रह नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर झाला होता. २०२१ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिले की तो ग्रह नसून ताऱ्याच्या पृष्ठभागावरील घडामोडींचा वर्णपटात उमटलेला भास असावा. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच ताऱ्याभोवती ३.१५ दिवसांचा खराखुरा छोटा ग्रह मिळाला आणि २०२५ मध्ये ग्रहांची संख्या चार झाली. चारही ग्रह पाण्यासाठी फार तप्त आहेत. प्रॉक्सिमा बी च्या बाबतीत मात्र २०२० मध्ये एस्प्रेसो या अधिक अचूक उपकरणाने स्वतंत्रपणे दुजोरा दिला, म्हणून तो ग्रह आहे याविषयी शंका नको.

आता रातवाभाऊंच्या आकाशाविषयी. प्रॉक्सिमा डोळ्यांना दिसणार नाही. आपल्याला जो मंदात मंद तारा दिसतो त्याच्याही शंभरपट तो अंधूक आहे. त्याचा मोठा शेजारी मात्र दिसेल. नरतुरंग तारकासमूहातील मित्र हा ठळक तारा मे महिन्याच्या उत्तरार्धात रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास बरोबर दक्षिणेला येतो. मोर्शीहून त्याची उंची सात-आठ अंशच असेल, म्हणजे हात लांब करून मूठ धरली तर मुठीच्या रुंदीपेक्षाही कमी. झाडे नसलेला दक्षिणेचा धुरा गाठावा. प्रॉक्सिमा त्याच्याच खाली, सुमारे दोन अंशांवर आहे.

रातवा (मोर्शी तालुका)

सर्वांचे आभार. काल वीज साडेदहाला आली. मोटर सुरू करून मुलीला घेऊन दक्षिणेच्या धुऱ्यावर गेलो. त्रिशंकू तारकासमूह उजवीकडे अर्धा बुडालेला होता, त्याच्या डावीकडे मित्रक हा तारा आणि मग मित्र, तोही शेजाऱ्यांच्या बागेच्या शेंड्यांना जवळजवळ टेकलेला. मुलीने दोन बोटे आडवी धरून त्याच्या खालची जागा मोजली, तेथे संत्र्याच्या झाडाशिवाय काही नव्हते.

सकाळी तिने वाक्य बदलले : “सूर्यानंतर सर्वांत जवळच्या ताऱ्याभोवती एक ग्रह ११ दिवसांत फेरी घालतो, त्याच्यावर हवा असेल तर तेथे पाणी वाहू शकेल, पण हवा आहे की नाही हे अजून कोणी मोजलेले नाही.” कागदावर आता चित्राला जागा उरलेली नाही, म्हणून ती दुसरा कागद मागते आहे.