मामाची मुलगी, आत्याचं घर आणि कायद्यातली रूढी

कृष्णाकाठ:
आमच्या सांगलीकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क मानतात. १९५५चा हिंदू विवाह कायदा मात्र भावाबहिणीच्या मुलांचं लग्न निषिद्ध धरतो; रूढी असेल तरच ते टिकतं. आणि रूढी सिद्ध कोणी करायची? जो लग्न टिकवू पाहतो त्यानं. माझ्या चुलतबहिणीला आत्याच्याच घरी दिली. नऊ वर्षांनी नवऱ्यानं कोर्टात अर्ज केला, 'आमच्यात अशी रूढीच नाही.' ज्यांनी अंतरपाट धरला, अक्षता टाकल्या, त्यांनाच साक्षीला चला म्हणून ती दारोदार फिरली. निम्मे आलेच नाहीत. मामे-आते लग्नाला कायद्यानं सरळ मान्यता द्यावी. सगोत्राची आडकाठी १९४६च्या कायद्यानं काढलीच ना?

डॉक्टरीणबाई:
मी नेमकं उलट म्हणते. रूढीची पळवाटच बंद करा. मामे-आते भावंडांत सरासरी आठवा हिस्सा जनुकं एकच असतात. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलाची वंशावळ काढायला बसले की आईकडची आणि बापाकडची रेघ वर जाऊन एकाच पणजोबांपाशी मिळते. ते कागदावर बघताना त्या आईचा चेहरा बघवत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं जानेवारी २०२४ मध्ये सपिंड, म्हणजे ठरावीक पिढ्यांत पूर्वज एकच असलेल्यांच्या, विवाहावरची बंदी कायम ठेवली, ते योग्यच झालं.

कृष्णाकाठ:
डॉक्टरीणबाई, त्या खटल्यात दाद मागणारी एक बायकोच होती. नवऱ्यानं लग्न रद्दबातल ठरवून घेतलं आणि तिला रूढी सिद्ध करता आली नाही. आजाराची भीती खरी आहे, लग्नाआधी रक्त तपासा, मी स्वतः लोकांना घेऊन येतो. पण कायदा बापाकडच्या पाच पिढ्या मोजतो. तिथं रक्ताचा हिशेब किती उरतो? आणि लग्न रद्द करून झालेलं मूल बरं होतं का?

काळा कोट:
दोघांसाठीही सांगतो. लग्न रद्दबातल ठरलं तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ खाली मुलं औरसच. कायमची पोटगीही मिळू शकते, सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये तसं स्पष्ट केलंय.

डॉक्टरीणबाई:
बाईला असं वाऱ्यावर सोडणं मलाही मान्य नाही. पण नवी लग्नं थांबलीच पाहिजेत.

कृष्णाकाठ:
पोटगीचं बघू, वकीलसाहेब. गौरीला चुलतबहीण माहेरी आली होती. आत्याही आली. हाक काय मारायची ते न कळून ती स्वयंपाकघरातच बसून राहिली.