ग्रीन मंत्र्यांचं नक्की चुकलं कुठे? फॅमिली ग्रुपवरची चर्चा

सुहासकाका (पुणे): मुलांनो, 7 मे 2026 च्या स्कॉटिश संसदेच्या मतदानात स्कॉटलंडमधल्या आपल्या तिघांनाही मत आहे असं मेधा म्हणाली. म्हणून सकाळपासून तिकडचं वाचतोय. ग्रीन पक्षाच्या दोन माजी मंत्र्यांवर लोकांचा फार राग दिसतो. निवडून आले होते आठ आमदार. एवढ्याशा पक्षाने एवढं काय बिघडवलं? आणि नागरिकत्व नसताना तुम्हाला मत कसं?

मेधाताई (एडिंबरा): काका, मताचं आधी. भारतीय नागरिक राष्ट्रकुलातले म्हणून इथे कायदेशीर वास्तव्य असलं की मतदार होता येतं. 2020 च्या कायद्याने स्कॉटिश संसदेसाठी हा हक्क व्हिसावर राहणाऱ्या इतर देशांच्या लोकांनाही दिला. वय 16 पुरे. नाव मात्र स्वतः नोंदवावं लागतं.

आता ग्रीन. 2021 मध्ये 129 पैकी एसएनपीला (स्कॉटिश नॅशनल पार्टी, इथला सत्ताधारी पक्ष) 64 जागा मिळाल्या, बहुमताला एक कमी. ऑगस्टमध्ये त्यांनी ग्रीनबरोबर सत्तेत भागीदारीचा बुट हाउस करार केला (बुट हाउस म्हणजे इथल्या मुख्यमंत्र्यांचं निवासस्थान). पॅट्रिक हार्वी यांच्याकडे इमारती, पायी-सायकल वाहतूक आणि भाडेकरूंचे हक्क. लॉर्ना स्लेटर यांच्याकडे बाटल्या-कचरा आणि जैवविविधता. दोघेही राज्यमंत्री दर्जाचे, कॅबिनेटच्या बाहेर. विमानवाहतूक, नाटो, खासगी शाळा हे वादाचे विषय करारातच बाजूला ठेवलेले. माझं म्हणणं असं की टीकेतली निम्मी रास्त आहे, निम्मी चुकीच्या माणसांवर आहे.

अद्वैत (ग्लासगो): ताई, बाटल्यांचं मी लिहितो. सगळ्यात जास्त बोलणी त्यावरूनच बसली.

सुहासकाका (पुणे): बाटली परत करा, पैसे घ्या, हेच ना? आपल्याकडे सोड्याच्या बाटलीवर डिपॉझिट असायचंच की. त्यात अवघड काय?

अद्वैत (ग्लासगो): काका, इथेही होतं. आयर्न ब्रू या इथल्या सोड्याची काचेची बाटली दुकानात परत दिली की 30 पेन्स मिळायचे, 2015 च्या अखेरपर्यंत. पण ती बाटली त्याच कंपनीकडे जायची, धुऊन पुन्हा भरली जायची. कंपनी एक, हिशेब एक.

नवी योजना एकदाच वापरायच्या डब्या-बाटल्यांची. 50 मिलीपासून 3 लिटरपर्यंत प्लॅस्टिक, ॲल्युमिनियम, स्टील आणि काच, सगळ्यांवर 20 पेन्स. शेकडो उत्पादक आणि हजारो दुकानं, त्यामुळे मध्ये एक संस्था लागते. ती उत्पादकाकडून डिपॉझिट घेणार, दुकानदाराला परतीचे पैसे आणि हाताळणीचा मोबदला देणार, माल उचलणार. त्यासाठी उद्योगाने मिळून सर्क्युलॅरिटी स्कॉटलंड ही कंपनी काढली. माल गोळा करायचं कंत्राट बिफा या कचरा उचलणाऱ्या कंपनीला मिळालं.

अडचण कुठे? एक डबा हातात घ्या. त्यावरचा बारकोड इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये सारखाच. इंग्लंडमध्ये डिपॉझिट नाही. तिथून गाडी भरून डबे आणले आणि ग्लासगोच्या यंत्रात टाकले, तर न भरलेले 20 पेन्स मिळणार. ते थांबवायचं तर स्कॉटलंडचा बारकोड वेगळा हवा. मग लहान ब्रुअरीला एकाच बिअरचं लेबल दोन प्रकारचं, साठा दोन ठिकाणी, छपाई दोनदा. 24 डब्यांच्या खोक्यावर डिपॉझिटचेच 4 पौंड 80 पेन्स. मोठ्या कंपनीला ते झेपतं. महिन्याला चार-पाचशे खोकी विकणाऱ्याला नाही.

प्रज्ञावहिनी (ॲबर्डीन): आणि दुकानदारांचं? कोपऱ्यावरच्या लहान दुकानात यंत्र ठेवायला जागा नाही. हाताने घ्यायचं तर फुटकी काच, चिकट डबे, मागच्या खोलीत पिशव्यांचा ढीग. काच सगळ्यात जड आणि जागा सगळ्यात जास्त खाते.

अद्वैत (ग्लासगो): बरोबर वहिनी. आणि हे सगळे प्रश्न उत्पादक आणि दुकानदार तारखेच्या बरेच आधीपासून विचारत होते. 100 मिलीपेक्षा लहान बाटल्यांना आणि वर्षाला 5,000 पेक्षा कमी विकल्या जाणाऱ्या मालाला सूट देण्याचं स्लेटरबाईंनी जाहीर केलं ते 2023 च्या वसंतात, योजनेसाठी ठरवलेल्या 16 ऑगस्ट 2023 या तारखेला चार महिने उरले असताना. तोवर लहान उत्पादकांनी पैसे घातलेले किंवा स्कॉटलंडमध्ये माल न विकायचं ठरवलेलं. ही सूट 2021 मध्येच द्यायला हवी होती. वरातीमागून घोडं झालं.

सुहासकाका (पुणे): मग योजना बंद पडली ती यामुळे?

मेधाताई (एडिंबरा): नाही काका, बंद पडली ती कायद्यात अडकून. खरी मेख तिथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ब्रेक्झिटनंतर 2020 मध्ये लंडनने अंतर्गत बाजाराचा कायदा केला. त्याचा गाभा असा की इंग्लंडमध्ये कायदेशीर विकता येणारी वस्तू स्कॉटलंडमध्येही तशीच विकता आली पाहिजे. म्हणजे स्कॉटिश संसदेने 20 पेन्सची सक्ती केली, तरी इंग्लंडमधून आलेला माल ती टाळू शकतो. उपाय एकच, त्या कायद्यातून सूट मिळवायची. ही सूट काही अशक्य नाही. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकवर स्कॉटलंडने 2022 मध्ये बंदी आणली तेव्हा अशीच सूट मिळाली होती.

बाटल्यांसाठी औपचारिक अर्ज 6 मार्च 2023 ला आला, असं लंडन सरकारने सांगितलं. योजना 16 ऑगस्टला सुरू व्हायची होती. स्कॉटिश सरकारचं म्हणणं की अधिकाऱ्यांच्या पातळीवर बोलणी 2021 पासून चालू होती. दोन्ही खरं मानलं तरी दोष उरतोच. 16 ऑगस्टची तारीख स्लेटरबाईंनीच डिसेंबर 2021 मध्ये जाहीर केली होती. ज्या परवानगीशिवाय योजना उभीच राहत नाही ती हातात नसताना व्यापाऱ्यांना यंत्रं घ्यायला, नोंदणी करायला, लेबलं बदलायला लावलं. आधी कळस, मग पाया. मला त्यांच्यावर राग आहे तो यासाठी, त्या ग्रीन आहेत म्हणून नाही.

प्रज्ञावहिनी (ॲबर्डीन): पण मेधा, लंडनने मुद्दाम अडवलं हेही खरं ना?

मेधाताई (एडिंबरा): अडवलं, यात शंका नाही. मे 2023 च्या अखेरीस सूट दिली ती अटी घालून: काच वगळा, डिपॉझिटची रक्कम, बारकोड, लेबल सगळं बाकी देशाशी जुळतं ठेवा. त्या वेळी इंग्लंडची योजना अस्तित्वातच नव्हती. नसलेल्या योजनेशी जुळवायचं कसं? हा अन्यायच होता. पण इंग्लंड काच घेणार नाही हे जानेवारी 2023 मध्येच जाहीर झालं होतं. तेव्हापासून काचेशिवाय सुरुवात करायचा दुसरा आराखडा तयार असायला हवा होता. आयर्लंडने काच वगळूनच 1 फेब्रुवारी 2024 ला योजना सुरू केली आणि ती चालू आहे.

जूनमध्ये इथे ऑक्टोबर 2025 ची तारीख दिली गेली. दोन आठवड्यांत सर्क्युलॅरिटी स्कॉटलंड बुडीत निघाली. सरकारी गुंतवणूक बँकेने तिच्यात घातलेले 90 लाख पौंड अडकले. बिफाने सरकारवर 16 कोटी 60 लाख पौंडांच्या भरपाईचा दावा लावला. त्याच जूनमध्ये स्लेटर यांच्यावर अविश्वास ठराव आला. तो पडला, पण एसएनपीचेच फर्गस युइंग यांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं. त्यांच्या पक्षाने त्यांना आठवडाभर निलंबित केलं.

अद्वैत (ग्लासगो): एक मात्र नोंदवून ठेवू. मूळ नियम मे 2020 चे, एसएनपी एकटी सत्तेत असतानाचे. काच तेव्हापासूनच आत. पहिली तारीख एप्रिल 2021, मग जुलै 2022. ग्रीन आले तेव्हा योजना आधीच रखडलेली होती. कॅबिनेटमध्ये बसलेल्यांनी हे सगळं खापर एका कनिष्ठ मंत्र्याच्या डोक्यावर फुटू दिलं.

सुहासकाका (पुणे): कळलं. आणि भाड्याचं काय? हार्वी यांच्यावर घरमालकही नाराज आणि भाडेकरूही, हे कसं?

प्रज्ञावहिनी (ॲबर्डीन): काका, ते मी सांगते. रोज याच कागदपत्रांत असते.

जून 2022 मध्ये लेबरने भाडी गोठवायची दुरुस्ती मांडली. ग्रीन आमदारांनी विरोधात मत दिलं. सप्टेंबरमध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्री निकोला स्टर्जन यांनी स्वतःच भाडेगोठवण जाहीर केली आणि हार्वी तो कायदा घेऊन संसदेत आले. भाडेकरूंच्या संघटनांचा पहिला राग इथला.

6 सप्टेंबर 2022 पासून 31 मार्च 2023 पर्यंत वाढ शून्य. मग वर्षभर जास्तीत जास्त 3 टक्के. म्हणजे 1,000 पौंडांचं भाडं 1,030. ठरावीक खर्च वाढल्याचं दाखवलं तर भाडे अधिकाऱ्याकडे अर्ज करून 6 टक्क्यांपर्यंत.

भोक कुठे राहिलं ते बघा. मर्यादा होती चालू भाडेकराराला. भाडेकरू गेला, नवा आला, की मालक हवं ते भाडं लावू शकत होता. त्यामुळे मालकांनी दोन-तीन वर्षांची वाढ नव्या कराराच्या वेळीच वसूल करायला सुरुवात केली. जुना भाडेकरू जागा सोडेना, कारण सोडली तर बाहेर शेकडो पौंड जास्त. रिकाम्या जागा कमी झाल्या. नव्याने येणारे विद्यार्थी, नोकरीसाठी आलेली मुलं, सगळ्यांत मोठा फटका त्यांना. आपली मुलंही यातच येतात.

त्यात संयुक्त भाडेकरार हा सापळा. चौघे मिळून एका करारावर सही करतात. एक जण जातो, त्याच्या जागी दुसरा येतो. मालक किंवा एजन्सी म्हणते, नवा करार करू. सही केली की तेव्हाची मर्यादा सुटायची, भाडं बाजारभावाने. तेव्हाच्या नियमाप्रमाणे एकट्याला संयुक्त करार संपवता येत नव्हता, सगळ्यांची संमती आणि 28 दिवसांची नोटीस लागायची. नव्या करारापेक्षा चालू करारातच नाव बदलून द्या, असं लेखी मागता येतं. मालकाने मान्य केलंच पाहिजे असं नाही, पण पुष्कळ जण मागतच नाहीत.

सुहासकाका (पुणे): हे भोक हार्वींना दिसलं नाही?

प्रज्ञावहिनी (ॲबर्डीन): दिसलं असणारच. तातडीचा, तात्पुरता कायदा होता. नव्या करारांपर्यंत जायचं तर मालमत्तेच्या हक्कावरून कोर्टात टिकेल अशी मांडणी, भागवार भाड्यांची खरी आकडेवारी हे सगळं हवं. स्कॉटलंडमध्ये जाहिरातीतली भाडी मोजली जातात, प्रत्यक्ष चालू भाडी नीट नोंदलेली नाहीत. आकडे गोळा करायची व्यवस्था पहिल्या वर्षी उभी करायला हवी होती. ती न करता भाडेकरूंचा विजय म्हणून मिरवलं, हे मला खटकतं. 2025 च्या गृहनिर्माण कायद्यात महागाई अधिक 1 टक्का, कमाल 6 टक्के, अशी मर्यादा आली आणि भाडेनियंत्रण जाहीर होईल त्या भागांत ती नव्या करारालाही लागू होईल. म्हणजे करता येत होतं.

अद्वैत (ग्लासगो): उलट बाजूचं उदाहरणही द्यायला हवं. समुद्राचा 10 टक्के भाग मासेमारीला पूर्ण बंद, हा प्रस्ताव. किनाऱ्यावरचे कोळी आणि बेटांवरचे लोक पेटून उठले. शिव्या ग्रीनना. वास्तविक खातं होतं एसएनपीच्या मॅरी मॅकॲलन यांच्याकडे. करारात दोघांनी सही केलेलं कलम. जून 2023 मध्ये मागे घेतलं. चूक ही की कुठला 10 टक्के हे ठरवायच्या आधी टक्का जाहीर केला. त्यामुळे प्रत्येक गावाला वाटलं आपलीच खाडी जाणार.

मेधाताई (एडिंबरा): आणि काका, श्रेयही त्यांचं त्यांना द्यावं. रेल्वेचं गर्दीच्या वेळचं जादा भाडं ऑक्टोबर 2023 मध्ये प्रयोग म्हणून काढलं, ते ग्रीन पक्षाच्या आग्रहाने. प्रयोग संपला, पण सप्टेंबर 2025 पासून ते कायमचं गेलं. 22 वर्षांखालच्यांना मोफत बसही त्यांनी अर्थसंकल्पाच्या वाटाघाटीत मिळवली, मंत्री व्हायच्या आधी. विचार करायला लावणारी गोष्ट आहे ही. बाहेर राहून, एक मागणी, एक आकडा, एक मत, असं केलं तेव्हा हाती लागलं.

सुहासकाका (पुणे): मग शेवटी सरकार तुटलं कशावरून?

मेधाताई (एडिंबरा): एप्रिल 2024. 2030 पर्यंत 75 टक्के कार्बन कपातीचं कायदेशीर उद्दिष्ट सरकारने सोडलं. ते गाठता येणार नाही असं सल्लागार हवामान समितीने मार्चमध्येच सांगितलं होतं. त्याच दिवसांत लहान मुलांच्या लिंगविषयक उपचारांवरचा कॅस अहवाल आला. तो शास्त्रीय म्हणून मान्य आहे का, यावर हार्वींनी मुलाखतीत सरळ उत्तर दिलं नाही. ग्रीन सदस्यांनी करारावर फेरमतदान मागितलं. ते होण्याआधीच 25 एप्रिलला सकाळी तेव्हाचे मुख्यमंत्री हमजा युसफ यांनी करार मोडला. तोवर युसफ यांच्या बाजूचे 63 उरले होते, विरोधक 65. ग्रीन अविश्वासाला पाठिंबा देणार म्हटल्यावर 29 तारखेला त्यांनी राजीनामा जाहीर केला.

इथे माझी हार्वी-स्लेटर यांच्यावरची टीका वेगळी आहे. ज्या उद्दिष्टासाठी सत्तेत गेलो ते सोडलं जातं त्या दिवशी मंत्र्याने राजीनामा द्यायला हवा होता. त्यांनी सदस्यांना सांगितलं, करार टिकवा. पुढाकार युसफ यांच्या हाती गेला आणि यांना घालवलं गेलं.

सुहासकाका (पुणे): आधीचं एखादं आघाडी सरकार होतं का, तुलनेला?

मेधाताई (एडिंबरा): 1999 ते 2007, लेबर आणि लिबरल डेमोक्रॅट. जिम वॉलेस उपमुख्यमंत्री, पूर्ण कॅबिनेट पदं. शिव्या त्यांनीही खाल्ल्या. फी रद्द केली म्हणता आणि पदवीनंतर 2,000 पौंड घेता, असं विद्यार्थी म्हणायचे, आणि ते बरोबर होतं. पण स्थानिक निवडणुकीत प्रमाणशीर मतदान त्यांनी 2004 च्या कायद्यात लिहून घेतलं. 2007 पासून आजतागायत तेच चालू आहे. जे लिहून घेतलं ते टिकलं.

अद्वैत (ग्लासगो): काका, मतपत्रिका दोन असतात. पहिली मतदारसंघाची, दुसरी विभागाच्या यादीची. विभागात यादीच्या 7 जागा. पक्षाची यादीतली मतं भागिले (त्या विभागात मिळालेल्या जागा अधिक 1). समजा एसएनपीला 1,20,000 मतं आणि 8 मतदारसंघ मिळाले, तर यादीत 9 ने भाग, म्हणजे 13,333. ग्रीनला 24,000 मतं आणि शून्य जागा, भाग 1 ने, 24,000. म्हणजे या दोघांत यादीची जागा आधी ग्रीनला. 2021 चे त्यांचे आठही असेच आले. म्हणून दुसरी मतपत्रिका कमी महत्त्वाची समजू नका.

प्रज्ञावहिनी (ॲबर्डीन): उमेदवार दारावर आले तर मी दोनच विचारणार. बाटल्यांची योजना आता स्कॉटलंड, इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये ऑक्टोबर 2027 ला, काचेशिवाय. लहान दुकानाला माल किती दिवसांनी उचलला जाणार? आणि भाडेनियंत्रणाचा भाग जाहीर करायला स्थानिक परिषदांकडे चालू भाड्यांचे आकडे कुठून येणार?

सुहासकाका (पुणे): उत्तरं मिळाली की ग्रुपवर टाक गं. आणि अद्वैत, तुझ्या त्या फ्लॅटमध्ये नवा मुलगा येतोय ना? सही करायच्या आधी वहिनीला करार दाखव.