सोलापुरात आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) टूरिंग कार रेसिंग सुरू करायचंय, मिड रेंजमध्ये गाडी कोणती घेऊ?

होटगीरोड_ड्रिफ्टर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे सध्या १/१४ स्केलची चायनीज बग्गी आहे, मातीत पळवून पळवून आता त्यात काही राहिलं नाही, उडी मारली, पलटी झाली, सरळ केली, परत तेच. आता नीट ट्रॅक लावून रेस करायचीय, म्हणून १/१० स्केलची (खऱ्या गाडीच्या दहाव्या मापाची) टूरिंग कार बघतोय. बजेट तीस हजारापर्यंत, त्यातच रिमोट चार्जर बॅटरी सगळं बसवायचंय. डोक्यात तीन गाड्या आहेत. एक तर तामिया या जपानी कंपनीची साधी टीटी-०२, दुसरी त्याचीच टाइप-एस, आणि तिसरी म्हणजे पुण्यातले एक जण जुनी बेल्ट ड्राइव्हवाली कार्बन चेसिसची गाडी विकतायत, आत १३.५ टर्न (तारेचे वळसे, जेवढे कमी तेवढी वेगवान) ब्रशलेस मोटर आहे, फोटोत एकदम कडक दिसते आणि खरं सांगू का मन तिथंच जातंय.

आमच्यात अजून चौघं तयार आहेत पण कोणीच काही घेतलेलं नाही, सगळे मी काय घेतो ते बघतायत. जागेचं म्हणाल तर एका शाळेचं बास्केटबॉल कोर्ट रविवारी सकाळी मिळेल असं वाटतंय, ओळख आहे. होम मैदान प्लीज सुचवू नका, टूरिंग कारला पाच मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, तिथं गाडी नाही नांगर चालेल, आणि जानेवारीत तर गड्डा यात्राच असते तिथं.

पिनियन_बावीस

काय विचार करालाय बे, १३.५ घेऊन बास्केटबॉल कोर्टावर? कोर्ट २८ बाय १५ मीटरचं असतं. त्यात ट्रॅक बसवला तर सगळ्यात लांब सरळ रस्ता वीस बावीस मीटर मिळेल, तेवढ्यात १३.५ वाली गाडी थ्रॉटल अर्धा दाबेपर्यंत पलीकडच्या कुंपणात.

आता मुद्द्याचं. तू एकट्यानं गाडी ठरवूच नको. पाच जण आहात ना, मग पाचही जण एकत्र बसा चहाला आणि आधी क्लास ठरवा. सगळ्यांची चेसिस एक, मोटर एक, टायर एक, बास. रेसिंगची मजा गाडी किती पळते यात नाहीच, शेजारची गाडी आपल्या एवढीच पळते यात आहे. एकानं १३.५ घेतली दुसऱ्यानं साधी घेतली की पहिल्या रविवारी एक जण लॅपवर लॅप टाकणार, दुसऱ्या रविवारी बाकीचे येणार नाहीत, आणि दिवाळीपर्यंत पाचही गाड्या सेकंडहँडच्या ग्रुपवर. हे बऱ्याच शहरांत होताना बघितलंय.

माझं मत टीटी-०२. साधी घेतली तरी चालेल पण साधीत काही गोष्टी किटबरोबर येतात त्या लगेच बदलाव्या लागतात. बेअरिंगच्या जागी प्लास्टिकचे बुश असतात, आपल्या धुळीत ते भराभर झिजतात, त्यामुळे ११५० साइजचे रबर सील बेअरिंग आधी (११ बाहेरून, ५ आतून, म्हणून ११५०). शॉक पण फ्रिक्शनवाले असतात, आत तेल नाही काही नाही, नुसती स्प्रिंग. ऑइल शॉक टाकले की गाडी वेगळीच होते. तिसरं म्हणजे सर्वो सेव्हर (स्टिअरिंगच्या मोटरला धक्क्यापासून वाचवणारा भाग), किटमधला फार लुळा आहे, स्टिअरिंग मधोमध परत येतच नाही नीट, हाय टॉर्कवाला घ्या. हे सगळं धरलं तर हिशोब टाइप-एसच्या जवळपास जातो आणि टाइप-एसमध्ये ऑइल शॉक येतातच, वर कँबर (चाकाचा उभा कल) पण अ‍ॅडजस्ट करता येतो, साध्यात सस्पेन्शनचे वरचे आर्म फिक्स आहेत. म्हणून माझा कल टाइप-एसकडे. फक्त ऑर्डर करायच्या आधी बॉक्समध्ये मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), बॉडी काय काय आहे ते दुकानदाराकडून लिहून घ्या, प्रत्येक किटचं वेगळं असतं.

आणि गिअरिंगला हात लावू नका सुरुवातीला. किटमध्ये पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) २२ दातांचा आणि स्पर (त्याला लागणारा मोठा गिअर) ७०, आतला रेशो २.६, म्हणजे फायनल ८.२७ च्या आसपास (चाक एकदा फिरायला मोटर तेवढे वेळा फिरते). छोट्या ट्रॅकला साध्या ५४० मोटरवर हे एकदम बरोबर आहे, कोपऱ्यातून गाडी उचल घेते. टॉप स्पीड पंचवीस तीसच मिळेल पण त्या कोर्टावर तेवढंच पुरे झालं, खोटं वाटलं तर पळवून बघ.

कोथरूडचा_बेल्टवाला

पिनियनभाऊंचं क्लासबद्दलचं म्हणणं पटलं, पण बेल्टच्या गाडीला एवढं वाईट का ठरवताय? टीटी-०२ सारख्या शाफ्टच्या गाडीत थ्रॉटल दिला की चेसिस एका बाजूला पिळवटते, बेल्टमध्ये ते जवळजवळ नाहीच, गाडी रुळावर चालल्यासारखी जाते. आणि सेटअप शिकायचा असेल तर सगळं अ‍ॅडजस्ट होणारी गाडी हातात पाहिजे, रोल सेंटर, टो, ड्रूप, म्हणजे सस्पेन्शनचं आणि चाकांच्या कोनांचं सगळं. सेकंडहँडमध्ये निम्म्याहून कमी किमतीत रेसची गाडी मिळत असेल तर सोडू नये असं मी म्हणेन, मोटर तेवढी बदला, २१.५ टाका, ईएससी ब्लिंकी मोडला ठेवा म्हणजे टायमिंग शून्य, मोटरला जादा वेग मिळत नाही, झालं.

पिनियन_बावीस

@बेल्टवाला भाऊ, कार्पेट ट्रॅक असता तर मीच म्हणालो असतो घे म्हणून. सोलापूरला या एकदा मार्चमध्ये. बारीक खडी एक दाणा बेल्ट आणि पुलीच्या मध्ये गेला की दात गेले, आणि उघड्या चेसिसच्या गाडीत तो जातोच. टीटी-०२ टबसारखी बंद आहे, गिअर झाकलेले, डिफ (डिफरेन्शियल) झाकलेला, इथल्या हवेला तीच बरी. शिवाय जुन्या मॉडेलचा बेल्ट तुटला, आर्म तुटला तर पार्ट आणणार कुठून? टीटी-०२ चे पार्ट निदान देशातल्या दुकानांत मिळतात. बाहेरून मागवायचं म्हटलं तर खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० केली आणि २०२३ मध्ये ७०, त्यामुळे पार्सल अडकलं आणि खेळणं म्हणून धरलं तर शंभराच्या आर्मचं काय होतं ते विचारू नका.

२१.५ चं पण सांगतो, टीटी-०२ मध्ये ती टाकली तर रेशो बराच खाली आणावा लागतो, मग हायस्पीड गिअर सेट वेगळा घ्या. पहिल्या वर्षी नकोच.

मोटारवाले_काका

पोरांनो मी आरसीवाला नाही, माझं वाइंडिंगचं दुकान आहे, पॉवरलूमच्या मोटारी भरतो. नातवानं ही गाडी आणली म्हणून वाचत असतो. टर्न टर्न म्हणता ते नीट समजून घ्या. वळसे कमी, तार जाड, की आरपीएम वाढतात आणि अँपिअर पण वाढतात. ती जी साधी चंदेरी ५४० मोटार येते ती २७ वळशांची आहे, म्हणून गरीब आहे बिचारी, बॅटरी पण जास्त वेळ पुरते. पण ब्रशची मोटार आहे हे विसरू नका, कम्युटेटर काळा पडतो, ब्रश झिजतात, धूळ गेली की लवकर झिजतात. नवीन मोटार एकदम फुल थ्रॉटलला टाकू नका, आधी कमी व्होल्टवर थोडा वेळ रिकामी फिरवा म्हणजे ब्रश कम्युटेटरवर गोलाईत बसतो.

आणि उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत उरका. बेचाळीस त्रेचाळीस डिग्रीत मोटारीला गार व्हायला हवाच गार मिळत नाही. एक फेरी झाली की मोटारीला बोट लावून बघायचं, दोन सेकंद ठेवता आलं नाही तर गिअर जास्त चढवलाय असं समजायचं.

होटगीरोड_ड्रिफ्टर

काका एक नंबर. मग पाचही जणांनी सेम २७ टर्नच ठेवायची असं दिसतंय. बॅटरीचं काय, लिपो (लिथियम पॉलिमर) घ्यायची का निकेल? घरचे लिपोचं नाव काढलं की यूट्यूबवरचे आगीचे व्हिडिओ दाखवतात.

शेंगाचटणी_रेसिंग

घरच्यांचं चुकत नाहीये दादा, पण नियम पाळले तर लिपोच बरी. टू एस (दोन सेलची) घ्या, ७.४ व्होल्ट, हार्डकेस. फुल चार्ज म्हणजे सेलला ४.२, ठेवून द्यायची तर ३.८ वर, आणि ३.२ च्या खाली कधी नेऊ नका, ईएससीवर लिपो कटऑफ ऑन आहे ना ते पहिल्या दिवशी बघा कारण बऱ्याच ईएससीवर जंपर निकेलवर लावलेला असतो. बॅलन्स चार्जर (सगळे सेल सारखे भरणारा) हवाच. चार्जिंगला लावून बाजारात जायचं नाही. आणि सोलापूरकरांसाठी स्पेशल, भरलेली बॅटरी उन्हातल्या कारच्या डिकीत किंवा टू व्हीलरच्या सीटखाली ठेवायची नाही म्हणजे नाही. घ्यायच्या आधी गाडीच्या बॅटरी ट्रेचं माप घ्या, चौकोनी कडांची कधी कधी बसत नाही.

आता ट्रॅकचं, कारण सगळे गाडीवर बोलतात आणि कोर्टावर गेल्यावर कडेला काय लावायचं हे कोणाला माहीत नसतं. आम्ही आधी माझ्या मामाच्या डाळिंबाच्या बागेतली जुनी ठिबकची नळी वापरली, १६ एमएमची. फुकट होती पण गाडी त्यावरून सरळ चढून पलीकडे जाते आणि मग शॉर्टकट मारला का चुकून गेला यावर भांडण. लपेटा पाइप (शेतात पाण्याला वापरतात तो चपटा, गुंडाळता येणारा) सगळ्यात छान, त्यात थोडी वाळू भरून दोन्ही तोंडं बांधायची, गाडी आदळली तरी आर्म तुटत नाही आणि पाइप जागचा हलत नाही. लेनची रुंदी अडीच मीटर तरी ठेवा, नाहीतर ओव्हरटेकच होत नाही, नुसती वरात. वळणं तीन चार प्रकारची पाहिजेत, एक मोठं गोल, एक हेअरपिन, एक डावी उजवी. सगळी वळणं एकाच बाजूला ठेवू नका, एका बाजूचेच टायर खातात.

खराट्याने आधी झाडायचं आणि मग ब्लोअर. नुसत्या खराट्याने बारीक धूळ राहते आणि पहिल्या दहा मिनिटांत सगळे गोल गोल फिरतात.

ग्रिपसाठी बाहेरच्या डांबरी ट्रॅकवर साखरेचं पाणी फवारतात, खरंच, वाळलं की चिकट होतं आणि टायर धरतात. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात साखरेला तोटा नाही पण शाळेच्या कोर्टावर हा उद्योग करू नका, सोमवारी पोरांच्या बुटाला चिकटणार, मुंग्या येणार, आणि मग कोर्ट गेलं हातातून.

होटगीरोड_ड्रिफ्टर

😂 मुंग्यांचं डोक्यातच आलं नसतं ताई. टायर कोणते घ्यायचे मग? किटचे चालतील का?

शेंगाचटणी_रेसिंग

किटचे शिकायला चालतील, टिकतात खूप, पण धरत नाहीत. रेसला रबर टायर घ्या आत इन्सर्टवाले (फोमची गादी असलेले), सगळ्यांनी एकच कंपनी एकच नंबर. सोरेक्सच्या टायरवर २४, २८, ३२, ३६, ४० असे आकडे असतात, आकडा जेवढा मोठा तेवढं रबर कडक आणि तेवढं गरम जमिनीसाठी. थंडीतल्या सकाळी मऊ घ्या, मार्चनंतर ३६. मऊ टायर आपल्या तापलेल्या काँक्रीटवर खोडरबरासारखे उडतात. फोमचे टायर इथं नकोच.

रेस कशी घ्यायची ते पण ठरवा. पाच मिनिटांच्या क्वालिफाइंग, एकेक गाडी थोड्या अंतराने सोडायची, ज्याचे पाच मिनिटांत जास्त लॅप तो फायनलला पुढे. पाच जणच आहात तर तीन पळवा आणि दोघं मार्शल, उलटलेली गाडी सरळ करायला माणूस लागतोच, आणि मार्शलने मोबाईल बघायचा नाही. ट्रान्सपाँडर (लॅप आपोआप मोजणारं यंत्र) वगैरे महाग पडतं, मोबाईल स्टँडवर लावून स्टार्ट लाइनचं शूटिंग करा, वाद झाला की रिवाइंड.

कोथरूडचा_बेल्टवाला

बरं बाबा, हरलो धुळीपुढे 🙏 दोन गोष्टी माझ्याकडून. तामियाचे स्क्रू जपानी जेआयएस असतात, साधा फिलिप्स लावला की डोकं गुळगुळीत होतं, स्क्रूड्रायव्हर जेआयएसचा घ्या किंवा सरळ हेक्स स्क्रूचा सेट टाका. आणि बॉडी पॉलिकार्बोनेटची आहे, रंग आतून मारायचा आणि पॉलिकार्बोनेटचाच मारायचा, हार्डवेअरच्या दुकानातला साधा स्प्रे पहिल्याच धडकेत पापड्या होऊन निघतो. खिडक्यांचं मास्किंग आधी, बाहेरची फिल्म सगळ्यात शेवटी काढा.

होटगीरोड_ड्रिफ्टर

काल सगळे बसलो सात रस्त्याला. ठरलं, पाच टाइप-एस, २७ टर्न, सगळ्यांना एकच टायर. एक जण अजून कुरकुर करतोय की त्याला स्कायलाइनची बॉडी पाहिजे आणि ती दुसऱ्या किटबरोबर येते, पण बॉडी वेगळी चालेल ना? आणि बॅटरीचं कनेक्टर कुठलं, तामियाचं पांढरं का एक्सटी६०?

पिनियन_बावीस

बॉडी कुठली पण टाका, व्हीलबेस २५७ आणि रुंदी १९० ची असली की बसते. कनेक्टर सगळ्यांनी एक्सटी६०, पांढरं तापतं आणि सैल होतं. सोल्डरिंग कोणाला येत नसेल तर काकांच्या दुकानात जा, पण एका वेळी एकच वायर कापा, दोन्ही वायरी एकदम कापून बॅटरी शॉर्ट करणारे लै बघितलेत.

मोटारवाले_काका

या की. गुरुवार सोडून कधी पण. चार्ज केलेली बॅटरी आणू नका फक्त.